दोऱ्याची वाट

(जेवणाच्या टेबलावर समुद्राचा नकाशा, पृथ्वीचा गोल आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा.)

नात : मग ही सरळ रेघ लांबची कशी, आजोबा? तुम्हीच पट्टीने मारलीत ना!

आजोबा : गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची, तर कुठेतरी ताणावीच लागते गं. या नकाशात दिशा बरोबर राहते. होकायंत्राचा अंश एकदा धरला की या रेघेवरून बिनघोर जावं. अंतराला मात्र हा फसवतो. आता गोल घे. दोरा या बंदरावर धर, मी पलीकडच्या बंदरापर्यंत ताणतो.

नात : अय्या! हा तर खाली दक्षिणेला घसरला. पार बर्फापाशी.

आजोबा : तीच जवळची वाट. नकाशावर काढलीस तर धनुष्यासारखी वाकडी दिसेल. चाळीस वर्षं हेच शिकवलं मी पोरांना. तुझ्या बाबालासुद्धा, याच टेबलावर.

नात : विमानं बाबांचं जहाज कुठल्या वाटेवर शोधतायत?

आजोबा : सरळ रेघेवर. त्याने कंपनीला तीच कळवली होती. हिवाळ्यात दोऱ्याच्या वाटेला जायचं नाही, हे मीच त्याच्या डोक्यात भरलंय. तिकडे बर्फाचे डोंगर सुटे फिरतात, वाऱ्याला धरबंध नसतो... पाच दिवस झाले. तेलाचा तवंगसुद्धा दिसलेला नाही. अगं, दोरा का सोडलास?

नात : तुम्ही रागावाल.

आजोबा : पाढे चुकतेस तेव्हा रागावतो का मी? बोल.

नात : बाबांचा शेवटचा फोन आला होता ना... म्हणाले, "या वेळी दोऱ्याच्या वाटेने येतो. दोन दिवस वाचतील, तुझ्या वाढदिवसाला घरी असेन. म्हाताऱ्याला सांगू नकोस, ओरडेल." मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी गंमत आहे. दोरा म्हणजे हा, ते आत्ता कळलं.

आजोबा : फोन दे इकडे. आणि माझा चष्मा... हॅलो, कप्तानाचे वडील बोलतोय. हो, पुन्हा मीच. विमानं चुकीच्या जागी आहेत. खाली, हजारएक मैल दक्षिणेला. नाही, अंदाज नाही हा. त्याला मी शिकवलंय. कुठल्या दिवशी कुठे असेल, त्याचे आकडे देतो. कागद घ्या, मी थांबतो.

नात : मीच म्हटलं होतं त्यांना, लवकर या.

आजोबा : सगळीच मुलं म्हणतात. वाट मी दाखवली होती.

नात : तिथलं पाणी खूप गार असतं?

आजोबा : दोरा घट्ट धर, बाळा. हलला तर आकडे चुकतील.