जन्माआधीची वाटणी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आत्या आणि तिला फोनवरचा गेम शिकवणारी भाची.

"आत्या, ही तुझी योद्धी. तिला दहा गुण मिळालेत, ते वाट."

"अगं, लढायच्या आधीच?"

"हो. ताकद, चपळाई, बोलणं. कशाला किती?"

"निम्मे ठेव बाजूला. अडीअडचणीला होतील."

"बाजूला ठेवता येत नाहीत. सगळे आत्ताच वाटायचे."

"आणि शहाणपण नंतर आलं तर?"

"आत्या! बरं, बोलण्याला शून्य ठेवू?"

"शून्य म्हणजे? सगळ्यांचं मुकाट ऐकून घ्यायचं?"

"तसंच काहीतरी."

"मग दहाही तिथेच घाल."

"अगं, पहिलाच राक्षस तिला मारून टाकेल!"

"मारू दे. पण आधी त्याला चार शब्द सुनावता येतील ना?"