उष्ट्या तोंडाची सनई

मंडळी, ऐका. एक साधा प्रश्न विचारतो. घोटभर पाणी पिऊन देवापुढे उभं राहिलं, तर देव बाटतो का? पुढच्या रांगेतल्या आजी मान डोलावताहेत, 'बाटतो' म्हणून. थांबा आजी, आधी केळशेतला जाऊन येऊ.

केळशेत म्हणजे डोंगराच्या कुशीतलं गाव. पहाटे तिथं धुकं उतरतं. घरं विरघळतात, झाडं विरघळतात, आणि त्या पांढऱ्या शांततेतून सनई येते. रावजी घडशी देवीला उठवतोय! बापाने उठवली, आजाने उठवली, आता हा.

पण त्या वर्षी सनई रुसली. सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरली की जीभ टाळूला चिकटायची. पत्ती भिजेना, सूर फाटायचा. देवळाचे व्यवस्थापक बापूसाहेब शिरधनकर नवरात्राच्या आदल्या दिवशी कट्ट्यावर येऊन बसले.

"रावजी, उद्या घटस्थापना. जमलं तर वाजव. नाही जमलं तर परवापासून कर्णा लावतो, टेपवर भरलेली सनई आयती मिळते."

"बापूसाहेब, देवी माझ्या सुराला ओळखते."

"ओळखते रे. पण अलीकडे ती दचकून उठते."

हसताय? रावजीला हसू आलं नाही. कर्णा एकदा खांबावर चढला की तो कुणी उतरवत नाही, हे त्याला माहीत होतं.

बायको चंद्राबाई त्याच दिवशी त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी जीभ पाहिली. "नाक चोंदलेलं असतं ना? म्हणजे रात्रभर तोंड उघडं. त्यात ही सर्दीची गोळी, तिनेही तोंड सुकतं. ती मी बदलून देते. तंबाखू?"

"थोडी," रावजी म्हणाला.

"डबी छोटी, तंबाखू पुष्कळ," चंद्राबाई म्हणाली.

"ती सोडा. चहा कमी करा. झोपताना गरम पाण्याची वाफ घ्या, नाक मोकळं होईल. आणि सकाळी पाणी पिऊन वाजवा. एकदम तांब्याभर नको, घोट घोट."

इथं रावजी उठलाच. "पाणी पिऊन? त्याच तोंडाने देवीला उठवू? उष्ट्या तोंडाने?"

मंडळी, गाठ इथं होती. घडशांच्या घरात रीत — रात्रीच्या जेवणानंतर सनई होईपर्यंत तोंडात थेंब जायचा नाही. तरुणपणी ते खपलं. पण शरीर म्हातारं होतं, रीत होत नाही.

वाफ घेऊन रावजी झोपला. आणि स्वप्नात गेला. धुकंच धुकं. देऊळ तळ्यावर तरंगतंय, पायऱ्या पाण्यात हलताहेत. गाभाऱ्यात देवी निजलेली. त्याने सनई फुंकली, तर सुराऐवजी वाळू सांडली. वाळू देवीच्या पदरावर. देवीने डोळे उघडले. तिचे ओठ फुटलेले होते, अगदी त्याच्यासारखे.

"पाणी दे रे."

"आई, तू पाणी मागतेस?"

"तू पीत नाहीस. माझ्यापर्यंत येणार कुठून?"

तो जागा झाला तेव्हा झुंजुमुंजु होत होतं. चंद्राबाई चुलीशी होती. रावजीने स्वतःहून हात पुढे केला. तिने पाण्याचं भांडं दिलं. घोट घेतला, थांबला. पुन्हा एक घोट. ओठ ओले झाले, तसे डोळेही.

झालं? नाही झालं. मंडपात सारा गाव. बापूसाहेब खांबाला टेकून उभे. रावजीने पत्ती ओठांत धरली, आणि तोंड पुन्हा ठणठणीत कोरडं. आता कशाने? भीतीने! परीक्षेच्या दारात, कोर्टाच्या पायरीवर तुमचीही जीभ अशीच चिकटली असेल. भीती तोंडचं पाणी पळवते, हे अगदी शब्दशः खरं.

तेवढ्यात समोर, मंडपाबाहेर दीपमाळेशी, चंद्राबाई उभी राहिली. कनवटीचं चिंचेचं बुटुक काढलं. मिठाचा खडा लावला. आणि डोळे मिटून, गाल आत ओढून, साऱ्या गावादेखत चोखू लागली. टॉक! जीभ वाजवली.

लग्नाच्या वरातीत सनईवाल्यापुढे चिंच चोखायची, त्याच्या तोंडाला पाणी सुटून सूर बुडवायचा, ही पोरांची जुनी खोडी. या बाईने ती उलटी फिरवली! रावजीच्या जबड्यात कळ उठली, जिभेखाली झरा फुटला. पत्ती भिजली. आणि धुक्यात सूर असा उलगडला, की कळसावरची पाखरंही हलली नाहीत.

बापूसाहेब हळूच म्हणाले, "आज दचकली नाही."

पुढे रावजीची तंबाखू सुटली. मिश्री नाही हो लावली तिच्या बदली, आवळ्याची फोड चघळायचा. आणि रोज पहाटे घोटभर पाणी पिऊन देवीला उठवायचा. देवी बाटली नाही.

आता तुमचं सांगा. भक्तीच्या नावाखाली तुम्ही कुणाला कोरडं ठेवलंय? स्वतःला? घरी अंथरुणावर असलेल्या सासूला, जिला हाक मारायलाही ओल उरलेली नाही? सतत कोरड पडत असेल, तहान भागतच नसेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या, देवाला साकडं मग घाला. आणि आत्ता? तो समोरचा पाण्याचा तांब्या उचला. नाही आजी, आधी तुम्ही प्या. मग शेजारणीला द्या. फिरू दे शेवटच्या रांगेपर्यंत. सगळ्यांचे ओठ भिजले, की मग नाम घेऊ.