आप्पांचा मोजा

हॅलो?… कोन, सोनी? बोल बाळा… थांब, दारापाशी येते, आत नर्स बोलू देत न्हाई… हां, बोल आता.

न्हाई गं, घरी न्हाई. भोरला हाय, दवाखान्यात… अगं ऐक ना… मला काय न्हाई झालं. तुझे आप्पा हायेत.

पाय गं. डावा… मोजा काढला तवा दिसलं. परवा… व्हय, त्योच. तू नाशकावनं धाडलेला, सुजंवरचा घट्टवाला.

घालत हुते की. लेकीनं धाडलाय म्हनून वस्तीवर समद्यांना दाखवला. रानात जळू चढत न्हाई म्हनायचे.

रातचं?… न्हाई काढला. अगं, चढवायला दोघं लागायची. भावजी पाय धरायचे, मी वढायची. तांबडं फुटायच्या आत शेरडं घिऊन जायचं, रोज कोन चढवनार? मंग ऱ्हाऊ दे म्हनले पायातच. आठ दिस ऱ्हायला. लांब हुयाचा, तर गुडघ्याखाली दुमडून घेतला… आवळतोय म्हंजे गुन येतोय, असंच आमाला वाटलं.

दुखलं असतं तर बोलले नसते का? दुखतच नव्हतं. साखरेनं पाय बधिर. करवंदीचा काटा आत मोडलेला, त्योबी कळला न्हाई. मोजा सोलून काढला तर दुमडीखाली ही खोल चीर, आन बोटं काळी… तीन. अंगठा धरून तीन.

डाक्टरांनी पायावर बोटं ठेवली, लई येळ ठेवली. म्हनाले, मावशी, हितं ठोका लागाया पायजे, त्यो लागत न्हाई. पायात रगतच धड उतरत न्हाई, त्याला घट्ट मोजा घालायचा नसतो. आधी पाय तपासायचा, मंग मोजा. कुनी दिला म्हनून इचारलं… तुझं नाव न्हाई घेतलं. दुकानातनं आनला म्हनलं.

सोने… ऐक… रडू नगं. तुझ्या सासूची सूज उतरली, तुला वाटलं आप्पांचीबी उतरंल. त्यांना डाक्टरनी तपासून दिलता, ह्यांना कुनी तपासलंच न्हाई… तुला तरी काय ठावं. आमी तरी कुठं इचारलं.

न्हाई गं… पुन्याला फोटू धाडले, तिथनंबी त्येच सांगितलं. उद्या सकाळी काढत्यात. गुडघ्याखालनं… व्हय, पाय. म्या दोनदा इचारलं, सोने. न्हाई वाचत.

सांगितलंय त्यांना. मंग म्हनले, शेरडं भावाकडं दे. आन तुला मोज्याचं कळू द्यायचं न्हाई म्हनून माझ्याकडनं शपथ घेतली. म्या मोडली ती. तवा तू आलीस की काट्यानं झालं म्हन. इसरू नगं.

हां… आले, आले. त्ये हाक मारत्यात, तुझा फोन हाय कळलं त्यांना… काय वो?… बरं, सांगते.

सोने, आप्पा म्हनत्यात, मोज्यानं लई बरं वाटतंय. सूज उतरली. अजून एक जोडी धाड म्हनत्यात.

हॅलो?… सोने?… हॅलो?…

व्हय वो, सांगितलं. धाडते म्हनली.