रक्तातला चुना

माझं म्हायेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं, आन दिलं मला पासलीला, म्हंजी एका डोंगरातनं उचलली आन दुसऱ्या डोंगरात ठिवली, भाताची खाचरं तीच, चिखलबी तोच. लगीन झालं तवा मला धड लुगडं नेसता येत न्हवतं, काय सांगू तुमाला, माझ्या सासूनं मला म्होरं उभी करून नेसाया शिकवलं. आमी त्यांना आत्याबाई म्हणायचो. गाठ आवळून मार गं पोरी, म्हणायच्या, भाताच्या आवणीला वाकल्यावर सुटली तर सगळं गाव हसंल. सोता इतकी आवळायच्या की कमरंला काळा घट्टा पडल्याला, बैलाच्या मानेवर जुवाचा पडतो तसा. तो समद्याच बायांना आसायचा, त्याचं कुणाला काय वाटायचं न्हाई.

आत्याबाई तोंडानं फटकळ, पण माझ्यावर जीव. दात गेल्याले, म्हणून पान मी कुटून द्यायची, दगडी खलात, पान, सुपारी, कात, चुना. चुना कमी झाला की लगीच, गोदे, चुना काय तुज्या बापाच्या घरचा हाय का, घाल की वाईच. मीबी काय कमी न्हवते, मी म्हणायची, जीभ भाजली तर मला बोलायचं न्हाई. मग त्याच खो खो हसायच्या. सासरे माझ्या लग्नाआधीच गेल्याले. घरात मालक, मी आन त्या. मालकांची थोरली भन सारोळ्याला दिल्याली, नीरेच्या पुलापाशी, त्या आमच्या वन्सं, सणावाराला यायच्या.

मोठी लढाई चालू हुती, राकेल मिळत न्हवतं, त्या दिसांत आत्याबाईंच्या त्या कमरेच्या घट्ट्याला खाज सुटली, मग भेग पडली, मग जखम झाली. हळद भरली, लोणी लावलं, कुणी सांगंल तो पाला वाटून बांधला. मी म्हणलं, आत्याबाई, लुगडं सैल नेसा. तर म्हणल्या, सैल नेसून काय करू, आवणीला तुजी आई येणार हाय का? आन पुन्ना त्याच जागी गाठ. एक पावसाळा गेला, दुसराबी गेला. जखमेच्या कडा जाड झाल्या, वास याया लागला, जांघेत टणक गाठ आली. तरी बाई खाचरात.

पण जखमेनं त्या पडल्या न्हाईत बघा, त्या पडल्या तहानेनं. तांब्यामागं तांब्या पाणी, आन तितक्याच येळा बाहीर. अन्न नकू, घास दिला की उलटी, पोट दगडावानी गच्च, हाडं दुखत्यात म्हणून रडायच्या आन मग बसल्या जागी झोपायच्या. आन मग डोकं फिराया लागलं. गेल्याल्या सासऱ्यांचं ताट वाढ म्हणायच्या. एक दिस माझ्याकडं टक लावून बघितलं आन इचारलं, तू कुणाची गं, आमची गोदी कुठं गेली? मी म्हणलं मीच की. तर म्हणल्या, न्हाई, ती अशी रडकी न्हाई. सांगते तुमाला, इतकं वाईट मला माझी आई गेली तवाबी वाटलं न्हवतं.

मालकांनी सारोळ्याला सांगावा धाडला, वन्सं आल्या. डोली करून वेल्ह्यापतूर, तिथनं बैलगाडीनं नसरापूर, आन मग मोटारीनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी मोटारीत पहिल्यांदाच बसले, पण त्याची मजा कुठनं येणार. तिथं डाक्टरनं जखम बघितली, तोंड कसनुसं केलं, म्हणला हा कातडीचा कॅन्सर हाय, आत पसारलाय. रगत काढून नेलं. दुसऱ्या दिवशी आला आन म्हणला, रक्तात चुन्याचा अंश लई वाढलाय, त्यानंच ही तहान आन त्यानंच ह्यो भ्रम. इतकं बोलून गेला दुसऱ्या खाटंकडं, त्याला काय ठावं मागं काय झालं ते.

वन्संनी माझ्याकडं बघितलं. चुना? चुना तर हीच घालती रोज. हिनंच आईच्या अंगात चुना भरला. मी म्हणलं, वन्सं, आवो सगळा मुलूख पान खातो. पण ऐकतंय कोण. मालकांना म्हणल्या, आता हिचा हात आईला लागू द्यायचा न्हाई, आन घरी जाताना हिला पालीला सोड, माघारी आणू नगं. मालकांनी शिवी दिली आसती तर परवाडलं आसतं, पण ते माझ्याकडं बघंनातच. मी भाईर वऱ्हांड्यात जाऊन बसले. आन खरं सांगू, बसल्या बसल्या माझं मलाच वाटाया लागलं, झाला का काय माझ्या हातनं जास्त? त्या मागायच्या आन मी घालायची. नवऱ्यानं टाकली तर टाकली, पण सासूला मारली हे घेऊन जगायचं कसं?

तवा बायामाणसं परक्या पुरुषाशी बोलत न्हवती. पण डाक्टर यायच्या वाटंवर मी पदर घेऊन आडवी उभी राह्यले. म्हणलं, सायेब, मी माझ्या सासूला पानातनं चुना घालत हुते, मी तिला मारली का? भला माणूस, हसला न्हाई. म्हणला, बाई, पानातल्या चिमूटभर चुन्यानं हे होत न्हाई. ती जखम हाय ना, तिचं इख रक्तात उतरतंय, आन ते इख तुमच्या सासूच्याच हाडांतला चुना सोडवून रक्तात आणतंय. म्हणून हाडं दुखत्यात. म्या म्हणलं, मला सांगून काय उपेग, आत चला आन त्यांना सांगा. आला की वो. मालकांच्या आन वन्संच्या म्होरं पुन्ना सगळं बोलला. मालकांनी मान खाली घातली. वन्सं मातर म्हणल्या, डाक्टरला काय ठावं, ही घरात किती घालत हुती.

मग डाक्टरनं शिरंतनं मिठाचं पाणी सोडलं, बाटल्याच्या बाटल्या. म्हणला, ह्यानं थोडे दिस शुद्ध यील, पण जखम हाय तवर चुना परत चढणार, तवा घरीच न्या. आन आली शुद्ध. डोळं उघडलं आन पहिलं बोलणं, गोदी तिकडं दाराशी का बसलीय? वन्संनी सांगितलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आन लेकीला म्हणल्या, अगं, तिनं जास्त चुना घातला आसता तर मी थुंकले नसते का, दात गेलेत माझे, जीभ न्हाई गेली. मग मालकांकडं वळल्या. आन तू रं, हिला पालीला सोडाया निघालास व्हय? मग मलाबी तिथंच सोड. मी तिथं दवाखान्यात हुंदके देऊन रडले, लाज वाटली न्हाई मला.

घरी आणलं. थोडे दिस बरे गेले, मग डाक्टर बोलला तसंच झालं, तहान लागली, झोप लागली, भ्रम आला. मालकांना वळखीनात, वन्संनाबी न्हाई. मलाबी न्हाई. पण मी तोंडात पाणी घातलं की आये म्हणायच्या मला, आये, अजून दे. वन्सं उशापाशी बसल्याल्या, त्यांनी ते ऐकलं, उठल्या आन मला उशापाशी जागा दिली. शेवटचं पाणी माझ्याच हातचं गेलं.

झाली की त्याला लई वर्सं. मालक गेले, पोरं पुण्यात कामाला. आता एस्टी दाराम्होरं थांबती. वन्संना मूलबाळ न्हाई, सारोळ्याला बघाया कोण न्हाई, म्हणून मीच त्यांना हितं आणलं. डोळं गेलेत त्यांचं, हात थरथरतो, मीच भरवते. ते पुण्याचं बोलणं कधी निघालं न्हाई आमच्यात, त्यांनी काढलं न्हाई आन मीबी न्हाई. मातर घास म्होरं केला की त्या तोंड उघडत्यात. काय हाय त्यात म्हणून कधी इचारत न्हाईत. बास, मला आजून काय पायजे? तुमीबी सुखी ऱ्हावा बाई, आन जेवल्याबिगर जाऊ नगा.