बाज्याच्या मुठीतलं शेवाळ

...नाही जमादार, ‘बुडून मेला’ असं मी म्हणालोच नाही. खोडा ते. पहिल्यापासून घ्या.

नाव इंद्रसिंग भीमसिंग गिरासे, वय २६, धंदा पॅथॉलॉजिस्ट, तालुक्याचं सरकारी इस्पितळ, राहणार तिथलंच क्वार्टर. माझी शाळा इंग्रजी, म्हणून बोलतो तसंच लिहून घ्या. समक्ष सांगतो की,

मुंबईत मी प्रेत चिरायला शिकलो. मार्चमध्ये इथे रुजू झालो, तेव्हा उरलेलं मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं. डॉक्टरने बाहेर, वास येणार नाही अशा अंगाला खुर्ची टाकायची. आत शवागाराचा शिपाई उखा चिरणार, बाहेर डॉक्टर लिहिणार. बघायचं कोणीच नाही. बावीस वर्षांत त्यांचा एक रिपोर्ट चुकला नाही, कारण सगळे एकच आहेत.

दिनांक १२ ऑक्टोबर १९६४, सकाळी नऊ वाजता बाज्याचं प्रेत आलं. प्रकाशा गावाजवळ तापी नदीत सापडलेलं. बाज्या केळीच्या बागेत मजूर. त्याची बायको रूपलीबाई दारातच सांगत होती, बागवाल्याच्या माणसांनी मारलं. मोठ्या डॉक्टरांचा रिपोर्ट साडेआठलाच तयार होता. बुडून मृत्यू, डाव्या मुठीत शेवाळ.

उखाने चादर काढली आणि मला हाक मारली. “साहेब, मूठ लिखेल शे, पन हात कोठे शे?”

बाज्याचा डावा हात चार वर्षांपूर्वी जिनिंगच्या मशीनमध्ये गेला होता.

मग मी स्वतः चिरलं. फुप्फुसात पाणी नाही. कवटी मागून फुटलेली, आत रक्त साकळलेलं. मोठ्या डॉक्टरांना सांगायला गेलो. ते चहा पीत होते. म्हणाले, “अरे, तापीत सापडला म्हणजे बुडालाच. आता तू नदीला शिकवणार?”

दुपारी प्रेत जाळलं. आता राहिले दोनच कागद, त्यांचा रिपोर्ट आणि हा जबाब.

फौजदारसाहेब हे वाचतील, म्हणून हेही लिहा: जमादार भटू मघापासून मला समजावतायत, “डावी खोडीसन उजवी करी टाकूत, साहेब. तुम्ही कवटीनं तेवढं सोडी द्या.” सोय चांगली आहे. उजव्या मुठीत शेवाळ नव्हतं, पण हात तरी होता.

जबाब वाचून दाखवला. कवटीच्या ओळीला जमादारांना खोकला आला, म्हणून ती ओळ मीच मोठ्याने वाचली. आहे तसा बरोबर आहे. यातला एक शब्द जरी कमी झाला तर खालची सही माझी नाही.

फौजदारसाहेब, रूपलीबाई सकाळपासून बाहेर पायरीवर बसलीय. तुझा नवरा बुडाला, हे तिच्या तोंडावर कोणी सांगायचं, तुम्हाला काय वाटतं?