पाठीवर लागलेला बॉल

माहा जन्म अकोल्याचा, मोर्णेच्या काठी आमचा मळा होता, सांभार म्हंजे कोथिंबीर, मेथी, वांगे, दसऱ्याच्या वक्ताले झेंडू, आन मी मायसंग टोपलं घेऊन जठारपेठेत भाजी विकाले बसो. मी उंच होती, बापाएवढी, लोकं हसत, म्हनत ह्या पोट्टीले नवरा कुठून आनसान. एक दिवस शाळेचे खेळाचे मास्तर भाजी घ्याले आले, त्याहीनं मले वरून खालून पायलं आन बापाले म्हटलं की हिले मैदानावर पाठवा, बास्केटबॉल खेळन. बाप म्हने, पोट्टी उघड्या पायानं नाचन का मैदानात? तवा माहा मोठा भाऊ रामदासदादा मधात पडला, म्हने मी नेतो, मी आनतो, कोनाची हिंमत आहे बोलाची. आन खरंच चार वर्षं त्यानं मले सायकलीवर डबलसीट नेलं आन आनलं. हे मी पयले सांगून ठेवते, कारन पुढं जे झालं थे ह्याच भावासंग झालं.

मंग मी अमरावतीले शिकाले गेली, खेळाच्या मास्तरकीचं शिक्षन, तिथंच नोकरी लागली, तिथंच लग्न झालं. तिथं आमचे इंगोले सर होते, त्याहीनं मले पंच केलं. बाई मानूस शिट्टी वाजवते म्हनून लोकं पाह्याले येत, पन सर म्हनत, कुसुम, तू फक्त लाइनीकडं पाय, लोकाइकडं पाहू नको.

आता तुमाले थ्रो-इन सांगा लागन, त्याबिगर पुढचं समजनार नाई. बॉल मैदानाच्या बाहेर गेला की बाहेर उभं राहून कोनीतरी तो आत फेकते, बस एवढंच, पन ह्या एवढ्याशा गोष्टीवर जेवढे भांडनं मी पायले तेवढे कशावर नाई पायले. पाच सेकंदात फेका लागते, पंच हात हालवून मोजत राह्यते. लोकाइले वाटते का फेकनाऱ्यानं पाय हालवला की चूक झाली. तसं नाई बाप्पा. बाजूले एखाद्या पावलाहून जास्त सरकता येत नाई, पन सरळ मागं कितीबी जा, उडी मारा, पाय उचला, कोनी काई म्हनू शकत नाई. आन समोरच्या टीमनं बास्केट केल्यावर तर मागच्या लाइनीवर इकून तिकून पळाले मोकळीक आहे. लोकाइले वाटते बॉल हातातून सुटला की घड्याळ चालू. नाई, आतल्या खेळाडूले बॉल लागला की घड्याळ चालू. बाहेरून सरळ बास्केटमंदी फेकला तर थे बास्केट धरत नाई. आन फेकनाऱ्यानं स्वतःच आत येऊन बॉल धरू नये, दुसऱ्या कोनाले लागल्याबिगर. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा.

तर एका वर्षी पोरीइची फायनल अकोल्याले होती, अकोला आन अमरावती. मैदान म्हंजे कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याचं आवार, कपाशीची पयली मोठी तेजी आली तवाचं म्हनत. भिंती उंच, बाहेर जाले एकच फाटक. मी नुसती पाह्याले गेली होती, कारन अकोल्याकडून माही भाची मंगला, दादाची पोरगी, खेळत होती. पन दुसऱ्या पंचाची एसटी मुर्तिजापूरपाशी बंद पडली. मॅचचे मोठे पंच आमचे इंगोले सरच होते, थे म्हने, कुसुम, शिट्टी घे. मी म्हटलं, सर, भाची आहे माही, बरं दिसत नाई. मंग सरानं दोन्ही टीमच्या मास्तराइले इचारलं, थे म्हने चालन. दादा तर खूश, पयल्या रांगेत बसला, बाजूच्याले सांगे, थे पाय, पंच माही बहीन आन बॉल नेऊन राहिली थे माही पोरगी.

काय सांगू तुमाले, मॅच शेवटपर्यंत बरोबरीनं चालली. चार सेकंद राहिले आन अकोला एका पॉइंटानं पुढं. तेवढ्यात अकोल्याच्या पोरीचा हात लागून बॉल त्याहीच्याच बास्केटखाली मागच्या लाइनीबाहेर गेला. थ्रो-इन अमरावतीचं. जागा माह्यासमोरची, म्हंजे निर्नय माहा. अमरावतीकडून फेकाले आली शोभा, शेंदूरजनाघाटची बारकीशी पोट्टी. तिच्यासमोर उभी मंगला. लोकं एवढे ओरडून राहिले की माही मले शिट्टी आइकू येईना. मी शोभाले बॉल देला आन मोजाले लागली, एक, दोन. शोभाले कोनीच मोकळं दिसेना. तीन. मंगला मागं वळली, अमरावतीची उंच पोट्टी कुठं आहे पाह्याले, आन शोभाकडं पाठ झाली तिची. शोभानं बॉल हळूच मंगलाच्या पाठीवर मारला, लाइनीच्या आत आली, उसळलेला बॉल धरला आन वर टाकला. पाठीले बॉल लागला तवाच मी हात खाली मारला होता, घड्याळ चालू. बॉल जाळीतून पडला तवा घड्याळात अजून जीव होता. मी दोन बोटं वर करून खाली आनले, बास्केट धरलं.

आन मंग जे उठले लोकं! खुर्च्या पडल्या, अर्धे मैदानात. अकोल्याचा मास्तर पळत आला, म्हने फेकलं तिनं आन धरलं बी तिनंच, हे कोनतं बास्केट, काहून देलं? आन मोठे पंच इंगोले सर, माहे गुरू, थे बी आले आन हळूच म्हने, कुसुम, चूक झाली तुही, आपल्या टीमच्या पोरीले लागा लागते. मी म्हटलं, सर, नियमात खेळाडू म्हटलं आहे, आपला का दुसऱ्याचा असं नाई म्हटलं. सर म्हने, बरं, आयक, थ्रो-इन परत देऊ, कोनी बोलनार नाई. मायच्यान सांगते, माहं मन झालं हो म्हनाचं. फाटक एक, लोकं दोन हजार का किती, आन त्याहीच्यात माहा सख्खा भाऊ, लाइनीपर्यंत आलेला, म्हने कुसुम, अवं घर आहे तुहं हे. पन शोभा तिथंच उभी होती, बॉल पोटाशी धरून, आन तिनं काईच चुकीचं केलं नव्हतं. मी म्हटलं, सर, परत द्याचं असन तर तुमी द्या, माही शिट्टी घ्या.

सरानं शिट्टी नाई घेतली. पिशवीतून नियमाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, आन एवढ्या गोंधळात उभ्यानं वाचत राहिले. दोनदा वाचलं. मंग माह्याकडं पायलं, चेहरा असा पडला होता त्याहीचा, म्हने, बाई, मी पंधरा वर्षं चुकीचं शिकवलं. आन स्वतः टेबलापाशी जाऊन सांगतलं, बास्केट बरोबर आहे. आजकाल कोन म्हनते असं? राहिलेल्या दोन सेकंदात काई झालं नाई, अमरावती जिंकली. आमाले पोलिसानं फाटकातून काढलं, एक गोटा सराच्या खांद्याले लागला.

दादा तीन वर्षं बोलला नाई. भाऊबीजेले बोलावनं नाई, मी गेली तर घरात नसे. मंग माय आजारी पडली तवा दवाखान्यात आमी दोघं एका बाकावर बसलो, आन तो म्हने चहा घेतं का. बस, तिथून बोलनं चालू झालं. त्या मॅचचं नाव त्यानं मरेपर्यंत काढलं नाई, मीबी नाई.

मंगलाचं खेळनं त्या दिसापासून सुटलं. लग्न झालं, कौंडण्यपूरकडं शेती आहे तिची. मागच्या साली तिच्याकडं गेली होती, भाकरी थापता थापता म्हने, आत्या, तू निर्नय बरोबर देला, मले तवाच समजलं होतं, माह्या पाठीले लागलेला मलेच कळला ना. पन मॅच झाल्यावर मी भिंतीपाशी बसून रडून राहिली होती आन तू टेबलावर कागदावर सह्या करत होती, नंतर पोलिसासंग निंघून गेली. एकदा तरी आली असती माह्यापाशी.

लोकाइनं म्हटलं असतं पंच भाचीले चिटकली, म्हनून नाई गेली, असं सांगता आलं असतं. पन खरं सांगू, मले सुचलंच नाई. मी म्हटलं, चुकलं माहं. ती म्हने, जाऊ दे, वांग्याची भाजी घे अजून.

आता गुडघे गेले माहे. तरी नवे पोट्टे पंच व्हाले येतात, त्याइले मी नियम शिकवते, आन मॅच झाल्यावर हारलेल्याइपाशी दोन मिनिटं जात जा, हेबी सांगते, पुस्तकात नाई तरी. शिकतीन बिचारे. देव त्याइले सुखी ठेवो.