साखळीवाल्याची दहावी सुई

मामी, संगीता, गावकरी मंडळी आणि आमच्या खात्यातले सगळे सहकारी,

इतकी माणसं या देवळापुढं जमलीत, आणि मला तुमच्याकडं मान वर करून बघवत नाही. बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. सरपंच म्हणाले, "सायेब, सोपानमामांबरोबर सगळ्यात जास्त रानं तुम्ही तुडवलीत. तुम्हीच चार शब्द बोला." माझ्या आधी तिघं बोलले. मामा कष्टाळू होते, मामा निर्व्यसनी होते, मामांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. सगळं खरं आहे. पण मला ते ऐकवत नव्हतं. मागच्या खुर्चीवर मी घामानं भिजलो होतो, आणि तो उन्हाचा घाम नव्हता.

एक विनंती आहे. मला मध्ये थांबवू नका. आज थांबलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही. माझी सवय मला माहीत आहे.

सोपानमामा आमच्या खात्यात साखळीवाला होते. जमिनीची मोजणी करायला सर्व्हेअर येतो, लोक त्याला मोजणीसायेब म्हणतात. त्याच्या पुढं लोखंडी साखळी ओढत जो काट्याकुट्यातून चालतो, तो साखळीवाला. गेल्या मंगळवारी पाटसच्या बाजूला मोजणी चालू होती. आता साखळ्या गेल्या, मशीन आलं. मशीनचा स्टँड खांद्यावर घेऊन मामा चालले होते. चालता चालता बांधावर बसले ते उठलेच नाहीत. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. साखळीवाला म्हणून लागले आणि साखळीवाला म्हणूनच गेले.

का? एवढा हुशार माणूस एकाच पायरीवर का राहिला, असं कुणाच्या मनात आलं का? संगीताच्या मनात आलं होतं. शाळेत असताना तिनं मला इथंच विचारलं होतं, "काका, आमचे आप्पा मोजणीसायेब कवा व्हणार?" मी म्हणालो होतो, होतील की, लवकरच. पोरी, मी तुझ्याशी खोटं बोललो. लवकर तर नाहीच, कधीच होणार नव्हते, आणि ते मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

आमच्या खात्यात पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली साखळीवाला, वर्ग चार. त्याच्यावर भूकरमापक, म्हणजे सर्व्हेअर. त्याच्यावर निमतानदार, म्हणजे सर्व्हेअरची मोजणी चुकली का हे पुन्हा मोजून बघणारा. त्याच्यावर शिरस्तेदार. पगार पायरीनं वाढतो. मान पायरीनं वाढतो. गावात गेल्यावर कुणाला खुर्ची द्यायची आणि कुणाला पोतं टाकायचं, हेही पायरीवरच ठरतं. चहासुद्धा, मंडळी. मला कपबशीत आणि मामांना पेल्यात. मी कधी म्हणालो नाही, यांनाही कपबशी द्या.

आणि काम? मी नवीन लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पहिल्याच मोजणीला शिरूरकडं गेलो. जुन्या मोजणीचं टिपण हातात घेऊन ऐटीत उभा राहिलो. मामा जवळ आले, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सायेब, कागद उलटा धरलाय. उत्तर तिकडं हाय." चारचौघांत माझं हसू होऊ दिलं नाही त्यांनी. टिपण वाचायला मला या माणसानं शिकवलं. बांधावरचा दगड मूळचा का कुणी रात्रीतून सरकवलेला, हे दगडाखालची माती बघून सांगायचे. खात्याची परीक्षा दिली आणि पास झाले. साखळीवाल्यातून भूकरमापक करायच्या यादीत त्यांचं नाव आलं. मामी, त्या दिवशी तुम्ही आम्हाला गुळाचा शिरा केला होता. आठवतो? मी दोनदा मागून घेतला होता.

आता मी जे सांगणार आहे ते मामींनाही माहीत नाही.

कासुर्डीच्या पुढं माळावर एक मोजणी होती. एका धनगर आबांचं रान. बापानं मेंढरं विकून घेतलेलं, आणि आबांनी त्यात नवी विहीर पाडलेली. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद होता, म्हणून मोजणी. साखळीनं कसं मोजतात ते सांगतो. साखळी तेहेतीस फुटांची. पुढच्या माणसाच्या हातात लोखंडाच्या दहा सुया असतात, वीतभर, वर कडी असलेल्या. एक साखळी झाली की एक सुई जमिनीत रोवायची. मागचा माणूस ती उपटून घेत येतो. पुढच्याच्या सुया संपल्या की दहा साखळ्या झाल्या, आणि सर्व्हेअरनं वहीत दहा लिहायचे. आमचा सगळा हिशेब त्या सुयांवर. सुई गेली तर तेहेतीस फूट गेले.

त्या दिवशी माळावर वारं सुटलं होतं. माझी छत्री उडत होती. मामा पाणी प्यायला गेले होते, त्यांच्या सुयांचा जुडगा साखळीशेजारी पडला होता. मी त्यातली एक काढली, जमिनीत ठोकली, छत्रीची दोरी तिला बांधली. एवढंच केलं. सावलीसाठी केलं. आणि विसरलो.

मामा आले, सुया उचलल्या आणि चालू लागले. शेवटची सुई रोवून त्यांनी लांबून हाक दिली, "सायेब, थांबा! माझ्या हाती नऊच व्हत्या!"

मी ओरडलो, "संपल्या ना? मग दहा! चला पुढं, ऊन होतंय!"

ते जागचे हलले नाहीत. पुन्हा म्हणाले, "नऊ व्हत्या, सायेब."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मोजणीसायेब मी आहे का तुम्ही?"

मामांनी साखळी उचलली. मी वहीत दहा लिहिले. हद्दीची खूण तेहेतीस फूट अलीकडं पडली, आणि आबांची विहीर शेजाऱ्याच्या रानात गेली.

संध्याकाळी छत्री मिटताना सुई माझ्या हातात आली. मंडळी, तेव्हाच मला कळलं. तेव्हाच! पंचनामा झाला होता, सह्या झाल्या होत्या, पण मी अजून माळावरच होतो. मागं वळून चार पावलं टाकायची होती, आबांना हाक मारायची होती, थांबा, चुकलंय. मी सुई छत्रीच्या पिशवीत टाकली आणि फटफटीला किक मारली. दुसऱ्या दिवशी पाटसला मोजणी होती. म्हणालो, बघू नंतर.

दोन उन्हाळे आबांना स्वतःच्या विहिरीवर पाय ठेवता आला नाही. त्यांनी वर अर्ज केला. पुन्हा मोजणी झाली, चूक सापडली, विहीर परत मिळाली. आबांचं निस्तरलं. पण आमच्याकडं चूक सापडली की माणूस लागतो. माझ्याकडं खुलासा मागितला. त्याच वर्षी निमतानदारांची यादी निघायची होती, आणि तिच्यात माझं नाव होतं.

मी लिहिलं, "साखळीवाल्याच्या हातून सुई गहाळ झाल्याने."

माझ्या हातानं, सहीनिशी लिहिलं. मामांच्या सेवापुस्तकात शेरा पडला. भूकरमापकाच्या यादीतून त्यांचं नाव उडालं, माझं माझ्या यादीत राहिलं.

मामांना कळलं नव्हतं असं समजू नका. त्यांनी छत्रीखालची सुई बघितली होती. साखळी गुंडाळताना बघितली होती. शेरा पडल्यावर दौंडच्या एसटी स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो होतो. मी रडलो. हो, रडलो, रडायला माझं काय जात होतं? तेच मला समजावायला लागले. "सायेब, वर्ग चारच्या माणसाचा खुलासा कोण वाचतंय? मी बोललो तर दोघंबी बुडू. तुमची यादी निघू द्या. तुमचं झालं की मग माझा शेरा पुसा." मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, मामा, शब्द देतो.

माझी यादी निघाली. मी निमतानदार झालो. दुसऱ्याच्या चुका शोधायची नोकरी! हसू नका, मला रोज आरशात हसू यायचं. वर्षभरानं मामांनी विचारलं, "सायेब, त्या शेऱ्याचं?" मी म्हणालो, नवीन साहेब आलेत, जरा रुळू द्या. पुढं पुन्हा विचारलं. संगीताला पुण्याला नर्सिंगला घालायचं होतं, वरच्या पायरीचा पगार तेव्हा हातात हवा होता. मी म्हणालो, शिरस्तेदाराची यादी येऊ द्या, मग माझ्या शब्दाला वजन येईल. वजन आलं, मंडळी. शब्द मात्र गेला. संगीता पुण्याला गेली नाही. पोरगी इथं शिलाई मशीन घेऊन बसली. आणि दर दिवाळीला मी या घरी फराळ खायला येत होतो.

तिसऱ्यांदा विषय निघाला तो मशीन आलं तेव्हा. ऑफिसात साखळ्या गोळा करून अडगळीत टाकत होते. मामा त्या साखळीला तेल लावत बसले होते. टाकायच्या साखळीला तेल! मला बघून म्हणाले, "सायेब, ऱ्हाऊ द्या आता ते. साखळीच ऱ्हायली न्हाई, तर सुईचं काय?" मला बरं वाटलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. माणसानं माझ्यापुढं आशा सोडली आणि मला बरं वाटलं.

सरपंच, हात करू नका, मी बसणार नाही. थोडंच राहिलंय.

मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तेव्हा मामींनी मला कपबशीत चहा दिला. म्हणाल्या, "उन्हात आलात सायेब, जरा टेका. तुमचं लई नाव काढायचे." तो चहा मी प्यालो. बाहेर येऊन बाभळीखाली ओकलो. मामी, तुम्ही मला माफ केलं असं म्हणू नका. आज नाही, नंतरही नाही. मोठ्या मनाचं माणूस सापडलं की आमच्यासारखे त्याच्यावर आयुष्यभर पाय देऊन उभे राहतात. माझ्या पायरीखाली दगड नव्हता, तुमचा नवरा होता.

हा कागद मी लिहून आणलाय. मोठे साहेब समोर बसलेत, त्यांच्या हातात देतो. "सुई सोपान यांनी गहाळ केली नाही. ती मी छत्रीला लावली होती. खुलासा खोटा होता." खाली सही आहे. साहेब, माझी चौकशी लावा. निवृत्तीला आलोय म्हणून सोडू नका. आणि मामांच्या सेवापुस्तकातला शेरा खोडा. माणूस गेल्यावर शेरा खोडून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. काहीच उपयोग नाही. मामा त्यानं सर्व्हेअर होणार नाहीत. मामींना वरच्या पायरीची पेन्शन लागेल का, ते तुम्ही बघा. जमत असेल तर कराच. नसेल जमत तरी खोडा. त्या माणसाची मोजणी बरोबर होती, एवढं तरी कागदावर राहू द्या.

आणि ही सुई. इतकी वर्षं माझ्या छत्रीच्या पिशवीत होती. छत्र्या बदलल्या, ही बदलली नाही. टाकायचं धाडस झालं नाही आणि द्यायचंही झालं नाही.

आता आपण सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मी ही सुई मामांच्या फोटोपुढच्या मातीत रोवतो, आणि त्या दिवशी माळावर त्यांना द्यायचं उत्तर आज देतो.

मामा, तुमच्या हाती नऊच होत्या. दहावी माझ्याकडं होती.